फाशांवरचा बेसबॉल व त्याचीं गिऱ्हाइकें

राजाश्रय संपल्यावर कलावंताला पोसणार कोण, हा प्रश्न नाटक, संगीत आणि ग्रंथ यांच्या बाबतींत पुष्कळदां चर्चिला गेला आहे. एका घरगुती खेळाच्या इतिहासांत त्याचें उत्तर अगदीं उघड दिसतें. हा खेळ म्हणजे अमेरिकेच्या बेसबॉलची घरीं बसून केलेली नक्कल. तिला मैदान लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं; लागतात तीं कार्डें, फासे आणि खऱ्या खेळाडूंच्या वर्षभराच्या कामगिरीचें गणित. क्रिकेटप्रमाणेंच बेसबॉललाही आंकड्यांची मोठी हौस. प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीची बारीक नोंद राहते, म्हणूनच ही नक्कल साधते.

पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील लँकेस्टर येथील जे. रिचर्ड सीट्झ यांनीं १९५१ सालीं 'एपीबीए' नांवाचा असा खेळ टपालानें विकावयास काढला. दोन फासे टाकून त्यांचा दोन अंकी आंकडा वाचावयाचा. असे आंकडे ३६. फलंदाजाच्या कार्डावर त्या आंकड्यापुढें एक खूण असे व तिचा अर्थ तक्त्यावर पाहावयाचा. गोलंदाजाचें कौशल्य मात्र केवळ एका श्रेणीनें दाखवीत.

न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या हॅल रिचमन यांना लहानपणापासूनच अशा खेळाचा नाद होता. बाजारांत मिळणाऱ्या खेळांनीं त्यांचें समाधान होईना, म्हणून वयाच्या ११ व्या वर्षीं त्यांनीं स्वतःचा खेळ रचावयास घेतला. त्यांच्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' मध्यें गोलंदाजालाही फलंदाजाच्या बरोबरीचें कार्ड मिळालें. प्रत्येक कार्डावर तीन रकाने. पहिल्या फाशावर १, २ किंवा ३ पडल्यास निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहावयाचा. ४, ५ किंवा ६ पडल्यास गोलंदाजाच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ती ओळ दाखवी. आतां ७ ही बेरीज ३६ पैकीं ६ प्रकारांनीं पडते, २ किंवा १२ ही केवळ एकेका प्रकारानें. तेव्हां कोणता निकाल कोणत्या बेरजेपुढें छापावा, एवढ्या निवडीनेंच एखाद्या खेळाडूचें सबंध वर्ष हातभर अंतरावर टेबलावर उभें करतां येई.

१९६१ सालीं पहिला संच निघाला. त्यांत कार्डें ८० च होतीं. प्रेक्षकाची निष्ठा आपल्या गांवच्या संघावर असते, आणि ८० कार्डांत सगळे संघ मावत नव्हते. वीसही संघ छापावयाचे तर भांडवल हवें. रिचमन यांनीं वडिलांकडून ५,००० डॉलर उसने घेतले. ठराव असा कीं, खेळ चालला नाहीं तर मुलानें मुकाट्यानें वडिलांच्या विम्याच्या धंद्यांत यावें. १९६३ च्या संचांत सर्व संघ आले, आणि निर्णय अनोळखी गिऱ्हाइकांच्या हातीं गेला.

तीं गिऱ्हाइकें आलीं, इतकेंच नव्हे, तर पुन्हां पुन्हां आलीं. गतवर्षींचा फलंदाज यंदा तसाच राहत नाहीं; म्हणून दरवर्षीं नवीं कार्डें काढावीं लागत आणि हौशी माणूस तीं विकत घेई. ही खरेदी मासिकाच्या वर्गणीसारखीच होती: गेल्या वर्षाच्या श्रमाचें मोल आणि पुढील वर्षाच्या कामाचें भांडवल. नवीं कार्डें निघण्याच्या दिवशीं, भर हिंवाळ्यांत, ग्लेन हेड येथील कचेरीबाहेर लोक रांग लावीत. १९८१ सालीं खेळाडूंच्या संपामुळें सामने बंद पडले, तेव्हां क्लीव्हलंडच्या मैदानावर निवडक खेळाडूंचा सामना याच फाशांनीं खेळून दाखविण्यांत आला.

पुढें संगणक आला. १९८२ सालीं इंग्लंडमध्यें केव्हिन टॉम्स यांनीं 'फुटबॉल मॅनेजर' हा खेळ एकट्यानें लिहिला व मासिकांतील जाहिरातींवरून स्वतःच विकावयास आरंभ केला. येथें एक नवी अडचण होती. शेंकडों कार्डें हातानें उतरवून काढण्याचा कंटाळा कोणालाही येईल. पण त्या काळचे खेळ कॅसेटवर येत, आणि तिची नक्कल घरच्या यंत्रावर कांहीं मिनिटांत होई. मित्राला प्रत करून देणाऱ्याच्या मनांत कपट नसे. त्याला त्या खेळाचें खरेंखुरें कौतुकच असे! परंतु मोठ्या कंपनींत असा तोटा अनेकांत वांटला जातो. एकट्या कारागिराच्या बाबतींत तो सरळ त्याच्या घरखर्चांत येतो, आणि पुढील वर्षाचा खेळ निघणें न निघणें त्यावर अवलंबून राहतें.

अशा कारागिराला सरकारी अनुदान नसतें, धनिकाची देणगी नसते. त्याच्या खेळाची स्तुति करणारा आणि त्याची किंमत मोजणारा, हे दोघेही त्याचे चाहतेच. पण त्याचें काम चालू ठेवतो तो दुसरा. हॅल रिचमन यांना विम्याच्या कचेरींत कधीं बसावें लागलें नाहीं, तें या दुसऱ्या प्रकारच्या चाहत्यांमुळें.