लोणेरेत इंजिनिअरिंग : फी माफ होते, मग पैसे लागतात कुठे?

सीईटीचा स्कोअर हातात आला की रामवाडी, पेण, रोहा भागातल्या घरांत एकच प्रश्न असतो, इंजिनिअरिंगला किती लाख लागतील? बरेच जण तो आकडा ऐकूनच पोराला दुसरीकडे वळवतात. आधी फॉर्म भरा, मग ठरवा.

आपल्या जिल्ह्यातच माणगाव तालुक्यात लोणेरे इथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. 1989 च्या कायद्यानं झालेलं हे सरकारी विद्यापीठ. तिथं कॉम्प्युटर, मेकॅनिकल, केमिकलबरोबर पेट्रोकेमिकल शाखाही आहे. नागोठण्याचा कारखाना शेजारी असलेल्या आपल्या भागाला ती जवळची वाटावी.

प्रवेश कॅप राउंडमधून होतो. अनुसूचित जाती 13 टक्के, जमाती 7, भटके-विमुक्तांचे चार गट मिळून 11, ओबीसी 19 टक्के. मुलींना 30 टक्के जागा. त्यामुळे वर्गात सगळ्या थरांतली पोरं येऊ शकतात. आपल्याकडचे आगरी, कुणबी ओबीसीत, कोळी विशेष मागास प्रवर्गात आणि कातकरी-ठाकूर जमातीत येतात.

आता फी. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. ओबीसी मुलगे आणि खुल्या गटातल्या गरजूंना शिकवणी फीत निम्मी सवलत मिळते. अनुसूचित जाती-जमातीला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्तीतून फी भागते. टीएफडब्ल्यूएस म्हणून 5 टक्के जादा जागा असतात, त्यात जात न पाहता शिकवणी फी माफ होते. पण तिचा कोड पसंतीक्रमात वेगळा भरावा लागतो. हे माहीत नसल्यानं चांगले मार्क असलेली पोरंही ती जागा घालवतात.

म्हणजे फीचं बऱ्यापैकी जमतं. घर थकतं ते मेस, खोली आणि प्रवासावर. पेणहून लोणेरे सत्तर-ऐंशी किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था आपण जाणतोच. रोज जाऊन-येऊन चार वर्षं निघत नाहीत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर आदिवासी मुलांना स्वयं योजना, अनुसूचित जातीला स्वाधार, अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. पैसे मात्र उशिरा खात्यावर येतात. पहिल्या सहामाहीची मेस घरूनच भरायची तयारी ठेवा. भात विकून पैसे येतात दिवाळीनंतर आणि कॉलेज सुरू होतं पावसाळ्यात, ही अडचण शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरी अडचण कागदांची. जातीचा दाखला असून चालत नाही, व्हॅलिडिटी लागते. आदिवासींची समिती ठाण्याला आहे, कातकरीवाडीतल्या बापाला तिथले हेलपाटे परवडत नाहीत. आजोबांच्या नोंदी शोधण्यातच महिने जातात. म्हणून बारावीच्या निकालाची वाट बघू नका, अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. तहसीलचा उत्पन्न दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल मे महिन्याआधी काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत रांग असते. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा असतो. पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाहीत.