वर्ध्याचा ठराव आणि ध्वनिक्षेपकाची तार

१४ जुलै १९४२. इंग्रजांनी भारतातील सत्ता सोडावी, असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात संमत केला. निर्णय मोजक्या माणसांत झाला. पण ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर तो अफाट जनसमुदायाच्या कानी पडायचा होता, आणि गांधीजींचा आवाज तर मुळातच मृदू.

काँग्रेसच्या सभांना १९३१ च्या कराची अधिवेशनापासून ध्वनिक्षेपक पुरवणारी कंपनी म्हणजे ‘शिकागो रेडिओ’. नाव अमेरिकी, चालक नानिक मोटवाने मात्र सिंधी!

मैदानात खरी कसोटी तारेची. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची दुहेरी तार घरात पाच मीटर ओढली, तर तिचा रोध जेमतेम ०.१२ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरला तो जाणवतही नाही. तीच तार १०० मीटर नेली की रोध २.३ ओहम होतो आणि पाचव्या भागाहून अधिक शक्ती तारेतच उष्णता होऊन विरते. म्हणून लांब पल्ल्यासाठी तार जाड घेतात, किंवा रोहित्राने दाब वाढवून प्रवाह कमी करतात. शेवटच्या रांगेला शब्द कळणार की नुसती गुणगुण, हे तेथे ठरते.

९ ऑगस्टच्या पहाटे नेते पकडले गेले. तार अंथरायला मैदान हवे, सभेला मोकळीक हवी, दोन्ही संपले. मग बिनतारी मार्ग उरला. २७ ऑगस्टला उषा मेहता व सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. आरोपींत मोटवानेही होते. ते सुटले, मेहतांना चार वर्षांची सजा झाली.