शेवया आणि खंदक

चिनी माणूस म्हटला, की भाताचा वाडगा आणि दोन काड्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण स्वयंपाकघरातून पाहिले तर चीन दोन आहेत. दक्षिणेचा चीन भात खातो. उत्तरेचा गहू खातो. आपल्याकडे कोकण आणि देश यांच्यामध्ये भात-भाकरीची जी सीमा आहे, तसलीच ही. नकाशात ती सापडत नाही. पानावर बसले की लगेच दिसते.

हे मला चीनमध्ये नव्हे, पॅरिसमध्ये समजले. माझी भाची तिथे नोकरीला आहे. सुट्टीत तिच्याकडे गेलो असता एके संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, आज तुम्हाला हातच्या शेवया खायला घालते." तिने मला आर्ट-ए-मेतिए या भुयारी स्टेशनाजवळच्या अरुंद गल्लीत नेले. दुकान आपल्या एखाद्या खानावळीएवढेच : सात-आठ टेबले, वाफेने धुरकटलेल्या काचा आणि आत येणाऱ्याला जागा होईपर्यंत दाराशी उभी असलेली माणसे.

काचेपलीकडे एक मनुष्य कणकेचा जाड दोर दोन्ही हातांत धरून उभा होता. त्याने तो ओढला, टोके जुळवून दुमडला, पुन्हा ओढला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. शाळामास्तराच्या खोडीप्रमाणे मी मोजत राहिलो. आठव्या दुमडीला दोनशे छप्पन धागे झाले. आणि त्यातला एकही तुटला नाही! आमच्या घरी वैशाखात पाटावरच्या शेवया होत. पण त्या वाळून डब्यात जात. इथे ओढल्याबरोबर त्या उकळत्या पाण्यात पडत होत्या, आणि मिनिट-दोन मिनिटांत वाडग्यात.

या शेवयांचे माहेर चीनच्या वायव्येस, पीत नदीच्या काठी वसलेले लान्झोऊ शहर. तिथल्या हुई नावाच्या चिनी मुसलमानांनी त्या नावारूपाला आणल्या. १९१५ च्या सुमारास मा बाओझी नावाच्या हुई विक्रेत्याने त्यांची कीर्ती केली, असे तिथे मानतात. रश्शाची नितळता, मुळ्याचा पांढरा, मिरचीच्या तेलाचा तांबडा, कोथिंबिरीचा हिरवा आणि शेवयांचा पिवळा, अशी पाच लक्षणे तिथे सांगतात. गिऱ्हाईक मागेल तशी शेवई मिळते : केसासारखी बारीक किंवा पट्ट्यासारखी रुंद. रस्सा गोमांसाचा असल्यामुळे मी टोमॅटो आणि अंडे घातलेला वाडगा मागितला.

कणीक इतकी ताणते ती खारामुळे. पूर्वी रानातली झुडपे जाळून त्यांच्या राखेचा खार कणकेत घालीत. आता तयार पूड मिळते. आपल्या पापडाच्या पिठात पापडखार पडतो, तोही याच कुळातला. दोन्हीकडच्या बायाबापड्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ही विद्या साधली होती.

भाचीने त्या कारागिराला फ्रेंचमध्ये गाव विचारले. तो म्हणाला, "शानडोंग." नाव ऐकताच मी वाडगा खाली ठेवला. शानडोंगची माणसे फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी आली होती, हे मी पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात वाचले होते.

१९१६ साली फ्रान्सचे आणि इंग्लंडचे तरुण आघाडीवर मरत होते. मागे कष्ट करायला हात उरले नव्हते. चीन तेव्हा तटस्थ होता, म्हणून त्याने सैनिकांऐवजी मजूर दिले. दोन्ही देशांसाठी मिळून सुमारे १,४०,००० मजूर आले. बहुतेक शानडोंग आणि आसपासचे शेतकरी. १७ फेब्रुवारी १९१७ रोजी 'आथोस' हे जहाज भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यात ५४३ चिनी मजूर गेले. इंग्रजांच्या मजुरांना पॅसिफिक ओलांडून, बंद आगगाड्यांतून कॅनडा पार करवून आणीत. त्यांच्या मनगटावर धातूची पट्टी असे आणि तिच्यावर आकडा. साहेबाच्या वहीत त्या आकड्यालाच माणूस समजत.

त्यांनी खंदक खणले, जहाजे उतरवली, रूळ टाकले. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, सैनिक घरोघर परतू लागले. हे मागे राहिले. न फुटलेले गोळे वेचणे, प्रेते पुरणे आणि खंदक बुजवणे बाकी होते. नॉयेल-सुर-मेर या गावाजवळ त्यांचे स्मशान आहे. तिथे आठशेंहून अधिक कबरी आहेत.

माझ्यासारख्या मास्तराला या कथेतली एक व्यक्ती विशेष जवळची वाटते. यान यांगचू हा तरुण १९१८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातून पदवी घेऊन फ्रान्समध्ये मजुरांच्या मदतीला आला. रोज रात्री निरक्षर मजुरांची पत्रे लिहून त्याचे हात दुखत. अखेर त्याने सांगितले, की उद्यापासून पत्रे लिहिणार नाही, लिहायला शिकवीन. लोक हसले, तरी काही पुढे आले आणि वर्ग सुरू झाला. १९१९ मध्ये त्याने मजुरांसाठी साप्ताहिकही काढले. पुढे मायदेशी त्याने लोकशिक्षणाची जी मोठी चळवळ उभारली, तिचे मूळ या छावणीत आहे.

युद्धानंतर बहुतेक मजूर परतले. दोन-तीन हजार फ्रान्समध्ये राहिले. पॅरिसची पहिली चिनी वस्ती गार द लियों स्टेशनाजवळ वसली ती त्यांच्यातल्या काहींमुळे. नंतर वेन्झोऊचे व्यापारी आले. १९७५ नंतर व्हिएतनाम-कंबोडियातून निर्वासित आले. हे सगळे भातखाऊ मुलखातले. उत्तरेचे गहूखाऊ लोक पुन्हा मोठ्या संख्येने आले ते १९९० नंतरच्या काळात. म्हणजे शानडोंगचे हात आधी आले, आणि त्या हातांचा स्वयंपाक पॅरिसच्या गल्लीबोळांत रुजायला पाऊण शतक लागले. या कारागिराचे त्या मजुरांशी रक्ताचे नाते असेल असे मी म्हणत नाही. मातीचे आहे, एवढे खरे.

गार द लियोंजवळ १९८८ मध्ये त्या मजुरांच्या स्मरणार्थ एक फलक लागला आणि २०१८ मध्ये एका चिनी मजुराचा पुतळा उभा राहिला. फलकाला सत्तर वर्षे लागली, पुतळ्याला शंभर.

हल्ली वर्गात पहिले महायुद्ध शिकवताना मी सेनापतींच्या नावांखाली फळ्यावर एक आकडा लिहितो : १,४०,०००. मुले हमखास विचारतात, "गुरुजी, हे सैनिक होते का?"

"नव्हते," मी सांगतो. "गव्हाच्या मुलखातले शेतकरी होते. खंदक त्यांनी खणले. आणि बुजवले तेही त्यांनीच."