जामीन कोण राहणार?



गेल्या जूनमधली गोष्ट. महिन्याची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी आमच्या गटातल्या एक ताई उठेनात. विचारलं तर म्हणाल्या, "पोरीला पुण्यात खोली मिळंना."

त्यांची मुलगी बी.एड. करते, जावई वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोघांनी मनानं लग्न केलं, जात वेगळी, त्यामुळे जावयाच्या घरानं दार लावून घेतलं. वसतिगृहात मुलींची सोय वेगळी, मुलांची वेगळी, नवरा-बायकोला जागा नाही. म्हणून दोघं एक खोली आणि स्वयंपाकघर शोधत होती. भाडं भरायची तयारी होती, कारण जावई संध्याकाळी शिकवणी घेतो. पण एजंट एकच म्हणायचा, "मुलाच्या वडिलांना आणा, सहीला. कुणीतरी जामीन पाहिजे." ताई म्हणाल्या, मी होते जामीन. त्यावर त्यानं विचारलं, "पगाराची स्लिप आहे? सातबारा आहे नावावर?" ताईंच्या नावावर शेळ्या आहेत. सातबारा सासऱ्यांच्या नावावर.

त्या दिवशी आम्हाला दुसरं एक जोडपं आठवलं. तेही पुण्यातलंच, पण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. ३ जानेवारीला आपण नायगावला जातो, हार घालतो, फोटो काढतो. पण सावित्रीबाई आणि जोतीराव यांना एकदा राहायला घर नव्हतं, हे बोलताना आपण घाईनं पुढं जातो. आज तिथंच जरा थांबू.

१८४० साली त्यांचं लग्न झालं. सावित्रीबाई नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले आणि घरी बायकोला शिकवू लागले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ती जागा तात्यासाहेब भिड्यांनी दिली, हेही लक्षात ठेवा. शाळा काढायची म्हटलं तरी आधी कुणीतरी आपला वाडा उघडावा लागतो. तेव्हा सावित्रीबाई जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या. दिवसा शिकवायचं आणि स्वतःचंही शिक्षण चालूच. आजच्या भाषेत बोलायचं तर दोघं विद्यार्थीच होते, आणि कमाईचं म्हणावं तर घरचा फुलांचा धंदा, तो सासऱ्यांच्या हातात.

१८४९ साली सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, सांगितलं की शाळा सोडा नाहीतर घर सोडा. गोविंदरावांना वाईट म्हणायला आमची जीभ वळत नाही. फुलं विकून पोट भरणाऱ्या माणसावर गावानं डोळे वटारले तर तो किती दिवस टिकणार? त्यांनी मुलाला शिकवलं होतं, हेही खरंच. पण बाहेरचा दाब घरात आला आणि दोघं नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले.

आता विचार करा, त्या काळात घर कसं मिळायचं? करारनामा नव्हता, आधार कार्ड नव्हतं. तुमची आळी, तुमची जात, तुमच्या बापाचं नाव, हाच तुमचा जामीन. बापानंच घराबाहेर काढलेल्या पोराला आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईला कोण वाड्यात घेणार? परंपरेनं सांगतात की गंजपेठेतल्या उस्मान शेख या मित्रानं त्यांना आपल्या घरी जागा दिली. त्याच घरातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या सोबतीनं शाळेत उभ्या राहिल्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची काळजी आहे, आपल्या माघारी तिच्यावर कामाचा भार पडला असेल म्हणून. आम्हाला त्या पत्रातली ही एक ओळ फार मोठी वाटते. घर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं भाड्याच्या पुढं गेल्याची ती खूण आहे.

ज्याच्यासाठी असं कुणी पुढं आलं नाही, त्याचं काय झालं तेही सांगतो.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि लंडनला शिकून परतले आणि बडोदा संस्थानात नोकरीला गेले. महाराजांनीच शिष्यवृत्ती दिली होती, त्यापोटी संस्थानची नोकरी करायचा करार होता. म्हणजे नोकरी पक्की, पगार पक्का, वरती खुद्द महाराज. आजच्या एजंटला असा भाडेकरू दाखवा, तो पळत येईल. पण बडोद्यात त्यांना कुणी खोली देईना. शेवटी ते पारशी धर्मशाळेत गेले. तिथं पारशांखेरीज कुणाला ठेवत नसत, म्हणून वहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात आली. संध्याकाळच्या आत खोली रिकामी करा म्हणाली. दोन मित्रांकडं त्यांनी आसरा मागितला. एक म्हणाला, तुम्हाला घरी ठेवलं तर माझे नोकर जातील. दुसरा म्हणाला, बायको घरी येऊ दे, तिला विचारतो. मग ते बागेत पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. परदेशातल्या पदव्या होत्या, पण "हा माझ्या ओळखीचा आहे" एवढं म्हणणारा एक माणूस त्या शहरात निघाला नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, जामीन हा शब्द पैशाचा कमी आणि ओळखीचा जास्त आहे.

आपल्या बायकांना तर हे चांगलंच माहीत आहे. पूर्वी बँकेत कर्जाला गेलं की दोन जामीनदार, सातबाऱ्याचा उतारा, सगळं पुरुषांच्या नावाचं. बाई कर्ज मागायला गेली तर जामीन नाही, आणि दुसऱ्याला जामीन राहायला गेली तर तिच्या नावावर काही नाही. शेजारी बांगलादेशात १९७६ साली जोब्रा गावातल्या बेचाळीस माणसांना एका प्राध्यापकानं, मुहम्मद युनूस यांनी, खिशातून थोडे पैसे दिले. नंतर बँक गरिबांना कर्ज देईना तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. आपल्याकडं १९९२ साली नाबार्डनं पाचशे बचत गट बँकांना जोडायचं ठरवलं, आणि तारणाऐवजी गटाची बचत, वही आणि बैठकीची शिस्त पाहिली. आज आपण सही करून कर्ज उचलतो तेव्हा एकीमागं बाकीच्या उभ्या असतात, हे आपल्या लक्षातही राहत नाही.

आता घराकडं परत येऊ. कायदा काय म्हणतो ते आम्ही विचारून घेतलं, कारण एजंट सांगेल तोच कायदा असं पोरांना वाटत होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ती करून घेणं घरमालकाचं काम आहे. करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर कुठल्या अटीवर जागा घेतली याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं असेल तर मालकानं ठरवावं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही सांगितलाय. त्या कलमात नवऱ्याच्या वडिलांची सही कुठं मागितलेली नाही. जामीन मागायचा की नाही ही मालकाची मर्जी.

आणि एक फरक सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणी अंगठा उठवताना गोंधळतात. साक्षीदार म्हणजे "सही माझ्यासमोर झाली" एवढंच सांगणारा. जामीनदार म्हणजे भाडं थकलं तर खिशातून भरणारा. कागदावर कुठल्या शब्दाखाली आपलं नाव आहे ते वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला सांगा.

ताईंच्या लेकीचं पुढं काय झालं? एजंट सोडून दिला. हडपसरच्या एका निवृत्त शिक्षिका आजींची खोली ओळखीतून कळली. ताई, आम्ही दोघी-तिघी आणि गटाची वही असे सगळे जण एसटीनं गेलो. आजींनी आधी पोरीला काय शिकतेस विचारलं, मग आमची वही चाळली. दर महिन्याची तारीख, हजेरी, हप्ते. एका पानावर थांबून म्हणाल्या, "सात वर्षांत एकही बैठक चुकली नाही?" चुकली होती, एकदा, पुरात. ते आम्ही खरं सांगितलं. आजी हसल्या आणि म्हणाल्या, करार मात्र नोंदवूनच करायचा. आमचंही तेच म्हणणं होतं.

डिपॉझिट दोन महिन्यांचं ठरलं. ते ताईंनी गटातून कर्ज म्हणून उचललं. आमच्या वहीत कारणाच्या रकान्यात आजवर शेळी, खत, दवाखाना, शाळेची फी एवढंच लिहिलेलं असायचं. त्या दिवशी सचिवांनी "लेकीच्या खोलीचं डिपॉझिट" असं लिहिलं आणि रकाना लहान पडला म्हणून शेवटचा शब्द खालच्या ओळीत गेला. चार हप्ते जमा झालेत. पाचवा येत्या बैठकीला.