जो टेक्स उर्फ युसूफ हज्जीज

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुस्लिमांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच नावं हमखास येतात, माल्कम एक्स आणि मुहंमद अली. एक वक्ता, दुसरा बॉक्सर. त्याच काळात, त्याच चळवळीत एक लोकप्रिय गायकही होता, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याचं कारण त्याच्या १९७७ सालच्या एका अल्बममध्ये सापडतं, असं मला वाटतं.

जोसेफ अ‍ॅरिंग्टन ज्युनियर हे त्याचं जन्मनाव. टेक्सासचा म्हणून स्टेजवर ‘जो टेक्स’. १९५५ पासून तो रेकॉर्ड करत होता, पण मोठं यश मिळायला जवळपास दहा वर्षं लागली. १९६५ च्या सुरुवातीला त्याचं ‘होल्ड व्हॉट यू हॅव गॉट’ हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचलं. सोल संगीताची मुळं कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहेत. सूर प्रार्थनेचे, शब्द संसारातले. जो टेक्सने त्यात चर्चमधलं प्रवचनही आणलं. गाता गाता तो थांबायचा आणि श्रोत्यांशी बोलायचा. नवऱ्यांनो, घरच्या बाईची किंमत ओळखा. बायांनो, तुम्हीही ओळखा, अशा थाटात. आपल्याकडच्या मौलवीसाहेबांची तकरीर ढोलकीवर बसवली तर कशी वाटेल, तसं काहीसं. १९६६ मध्ये त्याने व्हिएतनामच्या युद्धभूमीवरच्या सैनिकाचं पत्र गाण्यातून ऐकवलं, तेही लोकांनी उचलून धरलं.

त्याच १९६६ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला. इथे ‘इस्लाम’ म्हणजे एलायजा मुहंमद यांची ‘नेशन ऑफ इस्लाम’. १९३० मध्ये डेट्रॉइट शहरात सुरू झालेल्या या संघटनेच्या श्रद्धा जगभरच्या मुस्लिमांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या. तिचा संस्थापक फर्द याला ती ईश्वराचं रूप मानायची. तौहीद मानणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही. पण गोऱ्यांच्या देशात मान खाली घालून जगणाऱ्या माणसाला तिने नवं नाव दिलं, शिस्त दिली, दारूपासून दूर केलं, हेही खरंच आहे. आपले काही लोक या मंडळींना एका वाक्यात ‘ते मुसलमानच नव्हेत’ म्हणून निकालात काढतात. मला तशी घाई करवत नाही.

करमणुकीच्या धंद्याबद्दल संघटनेची भूमिका कडक होती. लुई फराखान तरुणपणी कॅलिप्सो गायचे. १९५५ मध्ये संघटनेत आल्यावर त्यांना गाणं सोडायला तीस दिवस मिळाले. १९६९ मध्ये पैशासाठी पुन्हा रिंगणात उतरायची इच्छा बोलून दाखवली म्हणून खुद्द अलीला निलंबित केलं गेलं. जो टेक्स मात्र सहा वर्षं गात राहिला. १९७२ मध्ये त्याचं ‘आय गॉचा’ दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आणि त्याच वर्षी, कमाई ऐन भरात असताना, त्याने गाणं सोडलं. युसूफ हज्जीज या नावाने तो संघटनेचा प्रचारक म्हणून व्याख्यानं देत फिरू लागला. चर्चचं प्रवचन ज्याने गाण्यात आणलं, तोच आता गाणं वजा करून प्रवचन देत होता.

फेब्रुवारी १९७५ मध्ये एलायजा मुहंमद वारले. त्यांचे पुत्र वारिस दीन मुहंमद यांनी संघटनेला मुख्य प्रवाहातल्या सुन्नी इस्लामकडे वळवायला सुरुवात केली. बंधनं सैल झाली आणि युसूफ स्टेजवर परतला. १९७७ मध्ये ‘बम्प्स अँड ब्रुझेस’ हा अल्बम आला. त्यातलं गाजलेलं गाणं कशावर होतं? डिस्कोत एका जाड बाईने नाचताना कंबरेने धक्का दिला आणि हा आपटला, यावर! गाणं अमेरिकेत बाराव्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. लोक हसले, नाचले. तीन वर्षं दीनसाठी गाणं सोडलेला माणूस परत आलाय, याचा त्या हशात पत्ताच लागला नाही. अल्बमवर नाव होतं जो टेक्स. युसूफ हज्जीज कुठेच नव्हता.

गाणं मला विनोद म्हणूनही फारसं आवडत नाही, हे सांगून टाकतो. जाड बाईची टिंगल हा स्वस्तातला विनोद आहे. पण माणूस धंद्यात परतला होता आणि डिस्कोच्या त्या दिवसांत खपणारं असंच होतं.

त्याच वर्षी सोलचा दुसरा मोठा गायक अल ग्रीन याचा ‘द बेल अल्बम’ आला. तो मेम्फिसमध्ये चर्चचा पास्टर झाला होता आणि त्याच्या गाण्यांत देव उघड उघड होता. समीक्षकांनी त्या अल्बमचं भरभरून कौतुक केलं. आजही अल ग्रीनवर लिहिताना त्याचं चर्च पहिल्या काही ओळींत येतं. जो टेक्सची मशीद तळटीपेत राहते. दोष सगळा समीक्षकांचा नाही. अल ग्रीनने श्रद्धा रेकॉर्डवर आणली, जो टेक्सने ती दाराबाहेर ठेवली. पण पास्टरने गायलेलं ऐकायला अमेरिकेला सवय होती. मुस्लिम प्रचारकाने गायलेलं ऐकायला ती तयार होती का, याची शंका आहे.

१९७७ च्याच डिसेंबरमध्ये लंडनचा कॅट स्टीव्हन्स मुस्लिम झाला आणि पुढे युसूफ इस्लाम बनून गाण्यापासून दूर गेला. एक युसूफ परतला, त्याच वर्षी दुसऱ्याने वाट बदलली. दुसऱ्याचा पॉप अल्बम पुन्हा यायला २००६ साल उजाडलं. संगीत हराम की हलाल या आपल्या घरोघरच्या वादात त्याचं उदाहरण दोन्ही बाजू देतात. पहिल्याचं कोणी देत नाही.

आपल्याला अर्थात नावाची ही गोष्ट नवी नाही. देवळालीत शिकलेला मुहंमद युसूफ खान १९४४ च्या ‘ज्वार भाटा’मध्ये दिलीपकुमार होऊन पडद्यावर आला. पण त्यांचं खरं नाव देशभर ठाऊक होतं. कौतुकानेही घेतलं गेलं आणि डिवचायलाही.

जो टेक्स ऑगस्ट १९८२ मध्ये टेक्सासातल्या नावासोटा इथे हृदयविकाराने गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. दहा वर्षांनी टॅरँटिनोच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ या सिनेमात ‘आय गॉचा’ वाजलं आणि नव्या पिढीने ते शोधून ऐकलं. ज्या वर्षी ते गाजलं, त्याच वर्षी गायकाने गाणं सोडलं होतं, हे त्यातल्या किती जणांना कळलं असेल!