वाफेचं फावडं आणि डोक्यावरचं टोपलं

दोस्तांनो, फावड्यालाही इतिहास असतो. शाळेच्या पुस्तकात तो नाही, म्हणून इथं लिहितो.

१८३९ साली अमेरिकेत विल्यम ओटिस नावाच्या तरुणानं वाफेवर चालणाऱ्या फावड्याचं पेटंट घेतलं. बॉयलर, साखळ्या, लांब दांडा आणि पुढं लोखंडी दातांचं डबडं. डबडं मातीत घुसायचं, भरायचं, दांडा वळायचा, बूड उघडायचं, माती वॅगनमध्ये. त्याच साली ओटिस मेला, २६ वर्षांचा. त्याची यंत्रं रेल्वेसाठी पार रशियापर्यंत गेली. इंग्लंडात मात्र कंत्राटदारांनी बरीच वर्षं तिकडं ढुंकून पाहिलं नाही. मजूर स्वस्त होता ना!

आता आपल्या नाशिकच्या वेशीवर या. १८५७ ते १८६५ थळ घाट फोडला. जी.आय.पी. कंपनी, चीफ इंजिनियर जेम्स बर्कले. ३७ फुटांमागं १ फूट चढ, १३ बोगदे. हत्यारं कोणती? पहार, घण, सुरुंगाची दारू आणि डोक्यावर टोपलं. कोणी म्हणेल, काळ्या कातळापुढं ते वाफेचं फावडं काय करणार? बरोबर आहे, कातळ आधी सुरुंगानंच फोडावा लागतो. पण फुटलेला दगड उचलायचा कुणी? तो बायाबापड्यांनी उचलला, पोरांनी उचलला. भाकरीवर चालणारं माणूस कोळशापेक्षा स्वस्त पडतं, आणि मेलं तर दुरुस्तीचा खर्च नाही. गिरणीत उभं राहिलं की हा हिशेब चटकन कळतो.

तिकडं बोर घाटात १८६१ साली ४२,००० माणसं राबत होती. पटकीनं माणसं मरत होती. त्याआधी, जानेवारी १८५९ मध्ये, मजुरीच्या पैशांवरून ती गोऱ्यांच्या अंगावर गेली. हे बंड कुणी साजरं करत नाही. बोगद्यांना नंबर पडले, खणणाऱ्यांची नावंसुद्धा राहिली नाहीत.

१८७० नंतर इंग्लंडात ते यंत्र रुळलं. नाव पडलं स्टीम नॅव्ही. नॅव्ही म्हणजे कालवे, रेल्वे खणणारा मजूर. माणसाचं नाव काढून यंत्राला दिलं!

रूळ पडले, मग ते सांभाळायला गँगमन लागले. त्यात आपली माणसं. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी.च्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवले ते तिथंच. आणि हेही सांगितलं, की रेल्वेतला अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो नि गँगमनच राहतो. साधा पोर्टरही क्वचितच होतो, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागतात, आणि स्टेशनमास्तर बहुतेक सवर्ण.