व्यसनाची आठवण

महिनोन्‌महिने व्यसनापासून दूर राहिलेला माणूस घरी परततो आणि पुन्हा त्यात अडकतो. ‘मनाचा निश्चयच नाही,’ असे आपण सहज म्हणून टाकतो. ते कितपत खरे आहे?

अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय सुरू झाले. १९४० च्या दशकात तेथील डॉ. अब्राहम विक्लर यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कित्येक महिने अमली पदार्थाला न शिवलेले रुग्ण गटात बसून त्याविषयी बोलू लागले, की त्यांना जांभया येत, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागे. व्यसन तोडल्यावर पहिल्या काही दिवसांत होतो, तसाच हा त्रास! शरीरात तर द्रव्याचा अंशही उरलेला नव्हता. विक्लर यांनी पावलॉव्हच्या कुत्र्यांचा दाखला घेतला. अन्नाच्या नुसत्या खुणेने त्यांना लाळ सुटे. तशीच जुनी गल्ली, जुने सोबती ही व्यसनाची खूण बनते. मध्ये किती काळ लोटला, याचा हिशेब ही स्मृती ठेवत नाही.

याची दुसरी बाजू व्हिएतनाम युद्धात दिसली. तेथे सुमारे २० टक्के अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. पहिल्या वर्षात या व्यसनींपैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. युद्धाचा ताण आणि स्वस्त हेरॉइन मागे राहिले होते, तशा त्या खुणाही.

म्हणून कुणी पुन्हा घसरला, तर त्याच्या निश्चयाबरोबरच तो कोणत्या वस्तीत, कोणाच्या संगतीत परतला, हेही आपण विचारायला हवे.